चाड्यावरची मूठ

बजरंगची आणि माझी ओळख एका आवाजानं करून दिली.

खराडीला आमच्या सोसायटीसमोर काचेची एक आयटी कंपनी उभी राहिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा मुलगा अभिनव तिच्या वरच्या मजल्यावर कामाला. गेटवर निळ्या गणवेशातला एक उंच, वाळका माणूस मोटारी आतबाहेर करायचा. मोटार मागं घ्यायची तर बाकीचे रखवालदार 'आने दो, आने दो' करत हात हलवतात. हा मात्र जीभ टाळूला लावून 'टॉक, टॉक' असा आवाज काढायचा, आणि थांबवायचं झालं की 'होऽ, होऽ' असा लांब हेल. मी बाल्कनीत चहा पीत होतो, कप तिथंच ठेवला. अहो, हा तर बैल मागं सरकवायचा आवाज! लिफ्टची वाट न बघता जिना उतरलो.

"गाव कोणतं तुमचं?"

"वाशीमकडचा हाव जी."

"तरीच! मी म्हटलं, मोटारीला औताला जुंपल्यासारखं कोण वळवतोय."

तो लाजला. म्हणाला, "सवय जात नाई, आबाजी. गाडी नीट लागली का मी तिच्या पाठीवर थाप मारतो. साहेब लोक उतरून आधी चेंबली का ते पाहतात."

मीही वाशीमचाच, रिसोडकडचा. आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेही चिंचेखाली, कारण वर्गात गुरुजींची गाय बांधलेली असे. माझी इंदुबाई गेल्यावर अभिनवनं मला पुण्यात आणलं. इथं सगळं छान आहे. सून गोड आहे, नात सलोनी मला मोबाईल शिकवते आणि माझ्याकडून आट्यापाट्यांच्या गोष्टी वसूल करते. पण वाशीमकडचं माणूस भेटलं, की मला गूळ सापडलेल्या मुंगळ्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची बजरंगच्या गेटवर.

तिथं आमच्या गप्पा चालत त्या बहुतेक सोयाबीनच्या. शहरातल्या माणसाला त्यात काय गंमत आहे ते सांगून कळणार नाही. आमच्या मुलखात सोयाबीन आलं ते मी चांगला पिकल्या केसांचा झाल्यावर. देशात खुल्या व्यापाराचं वारं सुटलं, तेव्हाच तेलाच्या कारखान्यांचे दलाल आमच्या धुळीत जीपा घेऊन फिरू लागले. त्याआधी ज्वारी, कापूस, मूग. पहिल्या वर्षी पीक आलं आणि खायचं कसं ते कुणालाच माहीत नाही. इंदुबाईनं हौसेनं त्याचं वरण केलं. घरातली सगळी माणसं रात्रभर तांब्या घेऊन वावराच्या वाटेला. सकाळी शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हो, काल तुमच्याकडं राखणीला एवढी माणसं कशी?"

ही गोष्ट सांगितली तेव्हा बजरंग पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आमच्या श्यामलेनं बी तेच वरण केलं होतं जी."

श्यामला त्याची बायको. ती गावी होती आणि त्याचं सगळं लक्ष तिथं होतं. मुलीचं लग्न झालं, म्हातारी माणसं राहिली नाहीत, आता तिनं पुण्यात यावं एवढीच त्याची इच्छा. तिनं एकदा येऊन पाहिलंही होतं. चंदननगरला त्याची खोली होती. आठवडाभरात बाई परत गेली. का, तर म्हणे, "सकाळी दार उघडलं तर समोर दुसऱ्याचं दार. उठून पाहावं तरी काय?" तिला रोज उठून पीक बघायची सवय. दोन एकर कोरडवाहू वावर ती एकटी सांभाळत होती. बजरंग म्हणे, "मी इथं मोटारी राखतो, थे तिथं पाखरं. दोघंबी राखणदारच."

आता नशीब बघा. कंपनीच्या इमारतीमागं दुसऱ्या इमारतीसाठी राखलेला जमिनीचा तुकडा होता. काळीशार माती, वर नुसतं काँग्रेस गवत. बजरंग रोज फेरी मारताना तिथं उभा राहायचा. एके दिवशी मला म्हणाला, "आबाजी, इथं सोयाबीन पेरलं तर? श्यामलेले दाखवीन. म्हणीन, हे घे, सकाळी उठून पाहायले."

त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मीच पुढं झालो. कंपनीच्या इमारतीची व्यवस्था पाहणारे आमोदराव म्हणून साहेब होते. शनिवार पेठेतले, तोंडावरची सुरकुती न हलवता बोलणारे. त्यांना मी म्हटलं, "साहेब, कंपनीत येणाऱ्या जर्मन पाहुण्यांना मागचं गवत दाखवण्यापेक्षा हिरवंगार पीक दाखवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तूर्त ती जागा मोकळी आहे. आपण पेरा. फक्त बैल येणार असतील तर त्यांचे व्हिजिटर पास काढून घ्या."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. लोणी काळभोरहून जयसिंग नावाचा शेतकरी आपली बैलजोडी आणि पाभर घेऊन आला, तेव्हा गेटवरच्या पोरानं खरोखर दोन्ही बैलांच्या गळ्यात पास अडकवले. एकानं आपला खाऊन टाकला.

इथं पेरणीची आमची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जयसिंगची पाभर म्हणजे आमच्याकडची तिफण. बैल ओढतात, तिचे दात जमिनीत तासं पाडतात. वर लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. त्यातून नळ्या खाली दातांपर्यंत गेलेल्या. आमच्या वऱ्हाडात पुरुष बैल हाकतो आणि बाई मागून चालत, मूठ चाड्यावर धरून बोटांतून बी सोडत जाते. पीक दाट होणार की विरळ हे सगळं त्या मुठीत. मूठ सैल सुटली तर रोपांची दाटी, आवळली तर तासात खाडे. बाईनं डोळे मिटले तरी मूठ बरोबर चालते. जन्मभर बैल हाकलेल्या गड्याला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नसतं, कारण त्यानं कधी मागं वळून पाहिलेलंच नसतं. माझी इंदुबाई माझ्या मागून किती वर्षं चालली! तिची मूठ कशी वळायची ते मला आज सांगता येत नाही. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा सांगता येईल.

तर बजरंग सवयीनं बैलांच्या पुढ्यात गेला. जयसिंग म्हणाला, "पाव्हणं, माझ्या बैलास्नी परक्याचा हात चालत नाय. तुमी चाड्यावर व्हा."

बजरंगनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. बजरंग चाड्यावर गेला.

बियाणं घरचं होतं. श्यामलेनं स्वतः निवडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवतंय ना याची खात्री करून, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर पोतं पाठवलं होतं. खूप फांद्या फोडून पसरणारं ते वाण. गेटकडच्या थोड्या तासांसाठी जयसिंगनं आपल्याकडचं दुसरं आणलं होतं, उभट वाढणारं, लवकर येणारं. बजरंगची मूठ दोन्हींना सारखीच. तासाच्या शेवटाला जयसिंगनं मागं पाहिलं आणि म्हणाला, "अवो, लई सैल हाय मूठ. चिवडा वाढताय का पंगतीत?"

"नाई उगवलं तर?" बजरंग म्हणाला.

"बायकोनं उगवून बघितलंय म्हणता ना?"

"तरी बी. भरलेलं दिसलं पायजे."

भरलेलं दिसलं पाहिजे! त्याचं मन मला कळत होतं. तिला उघड्या मातीचा तुकडासुद्धा दिसू नये, अशी त्याची इच्छा. पोतं लवकर संपलं. पंपघराच्या भिंतीकडची पट्टी तशीच राहिली. तिथं पाभर वळत नव्हती आणि बीही ओंजळभर उरलं होतं. ते मी घेतलं. गुडघे दुखत होते, त्यामुळं वाकायचं ते जितकं कमी तितकं बरं. एक दाणा इथं, दुसरा पार तिकडं, असं करत मी माझी पेरणी उरकली आणि खुर्चीवर येऊन बसलो.

उगवलं मात्र असं, की बघत राहावं. सगळा तुकडा हिरवा झाला. जयसिंग बैलांचं भाडं न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आता विरळणी करा. दाटीतली रोपं उपटून टाका. पसरणारं वाण हाय, त्याला हातपाय पसरायला जागा लागंल."

बजरंग तासाशी उकिडवा बसला. एक रोप बोटांत धरलं आणि सोडून दिलं. "तिनं निवडून धाडलेलं हाय जी. उगवलेलं कसं उपटू?"

त्याच दिवशी आमोदराव तिथून गेले. थबकून म्हणाले, "वा. बागवाल्याला इतकी वर्षं जे जमलं नाही ते आपण केलंत. गालिचा आहे." पुणेरी माणसाच्या तोंडून 'वा' निघालं म्हणजे ते सरकारी पदकच. विरळणी राहिली ती राहिलीच.

बजरंग संध्याकाळी पानपट्टीवरच्या कॉइनबॉक्सवरून गावी शेजाऱ्याच्या घरी फोन लावायचा. मी शेजारी उभा असायचो. मला दोन्हीकडचं ऐकू येई, कारण श्यामला फोनवर बोलत नसे, वावरातून हाक मारल्यासारखी ओरडत असे.

"गुडघ्याले लागलं!" हा सांगायचा.

"इतक्या लवकर?" ती विचारायची.

"मांडीले लागलं!"

"आमचं अजून गुडघ्याच्या खालीच हाये. तिकडं काय घालता त्याले?"

"कमरेले लागलं, श्यामले! मधून मानूस गेला तर दिसत नाई."

 मग तिनं विचारलं, "खालची पानं पिवळी पडली का?"

बजरंगनं माझ्याकडं पाहिलं. पडली होती. वरून गालिचा, पण आत हात घालून पाहिलं तर खाली अंधार आणि पिवळा पाला. "थोडी," तो म्हणाला.

"फांद्या किती फुटल्या एका झाडाले?"

"ते मोजलं नाई. पन तू ये ना पाहायले."

"येतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायाही येतो, जातोच म्हणतात, आणि गौरींना महालक्ष्म्या. "महालक्ष्म्या उठल्या का येतो."

त्या दिवशी बजरंगनं पानपट्टीवाल्याला उगाच विडा लावायला सांगितला आणि मला खाऊ घातला. मला दात नाहीत, मी कुटून खाल्ला. चंदननगरच्या खोलीला त्यानं चुना दिला. मला विचारलं, "आबाजी, दारासमोर दोन कुंड्या ठेवू का? मंग दुसऱ्याचं दार दिसनार नाई."

मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वाऱ्यापावसाची झड आली आणि कमरेला लागलेलं ते पीक एका बाजूला झोपलं. उंच वाढलेलं, पण दोऱ्यासारखं बारीक. एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभं होतं तोवर उभं होतं. एक पडलं तशी सगळीच पडली. गेटकडचं उभट वाण तेवढं तग धरून राहिलं. दुसरी गोष्ट म्हणजे आमोदरावांनी बजरंगला बोलावून सांगितलं, दिवाळीनंतर दुसऱ्या इमारतीचा पाया खणायला घेणार. पुढच्या वर्षी तिथं माती नसेल. हे त्यानं मला सांगितलं. तिला सांगितलं नाही.

महालक्ष्म्या उठल्या आणि श्यामला आली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊन, खोलीवर न जाता पिशवीसकट थेट गेटवर. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुमीच का ते वरणवाले आबाजी?" म्हणजे माझी कीर्ती वाशीमपर्यंत पोचली होती.

मग ती वावरात शिरली. बजरंग मागं, त्याच्या मागं मी.

आधी गेटकडची तासं पाहिली. बुंध्याला बोट लावून म्हणाली, "हे सरळ वाढनारं. याले दाटी सोसते. शेंगा कमी हायेत, पन हायेत." पुढं आमचं पडलेलं पीक. ती वाकली, दोन्ही हातांनी पाला बाजूला केला, जसं आई पोराच्या डोक्यात उवा बघते तसं. बराच वेळ बघत राहिली. शेंड्याकडं चार शेंगा, खाली नुसती काठी.

"पाला पिकवला तुमी," ती म्हणाली. "बकऱ्या पाळायच्या होत्या का इथं?"

बजरंग एक पडलेलं झाड उभं करू लागला.

"चाड्यावर कोन होतं?"

"मी."

तिनं मान वर केली. अहो, तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते तसंच राहून डोळ्यांत पाणी आलं. पदरानं नाक पुसून म्हणाली, "अवो, माझ्या मुठीतलं बी तुमच्या पंजातून सोडलं व्हय? तुमचा पंजा केवढा, माझी मूठ केवढी!"

मी घाईघाईनं म्हटलं, "माझी पट्टी बघ की, सूनबाई." पंपघराशी माझी झाडं होती. एकेक म्हणजे झुडूप. बुंध्यापासून फांद्या, जमिनीला टेकलेल्या शेंगा, हात लावला की खुळखुळतील अशा. मी अगदी फुगलो होतो. श्यामलेनं झाडांमधलं कमरेएवढं तण पाहिलं आणि म्हणाली, "तुमची झाडं भरली, आबाजी, पन वावर रिकामं. ह्यायचं वावर भरलं, पन झाडं रिकामी."

मी पंपघराच्या पायरीवर बसलो. खरंच होतं ते.

ती मात्र तिथंच माझ्या झाडापाशी बसली. शेंगा कुरवाळत होती. सकाळचं ऊन होतं, पलीकडं काचेच्या इमारतीत गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी शिरत होती. तिच्या हाताला काळी माती लागली होती आणि ती माती ती झटकत नव्हती. मग जमिनीकडं बघतच म्हणाली, "माती चांगली हाये. पुढच्या साली मूठ मी धरीन. खोली पाहिजे तर तीच राहू द्या."

या एका वाक्यासाठी बजरंगनं खोलीला चुना दिला होता, कुंड्या आणल्या होत्या. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याला गप्प बसता आलं असतं. दिवाळीपर्यंत तर नक्कीच. ती आली असती, सामान घेऊन आली असती. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "पुढच्या साली इथं बिल्डिंग हाये, श्यामले. पाया खोदनार हायेत."

तिनं शेंग सोडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग मी काय पाहायले येऊ?"

माझ्याकडं गोष्टींचं पोतं असतं, तरी त्या वेळी एकही गोष्ट आठवली नाही.

तेवढ्यात आमोदराव फेरीला आले. श्यामला उठली, पदर सावरला आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. 

"साहेब, एक मागू का?"

"मागून बघा."

"दर साली पेरनीच्या टायमाले ह्यायले सोडान का गावी? बैल हाकायले मानूस पायजे. मूठ माझ्यापाशी हाये."

आमोदरावांनी झोपलेल्या पिकाकडं पाहिलं. मग बजरंगकडं. "सोडू. यांनी इथं काय पिकवलं ते पाहिलंच आहे. त्यांना बैलांच्याच पुढं ठेवा." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आणि बाई, यंदाची काढणी होईपर्यंत आपण इथं राहा. तेवढा पास मी काढतो."

ती काढणीपर्यंत राहिली; गावचं वावर तेवढे दिवस फोनवाल्या शेजाऱ्यानं पाहिलं. दोघांनी मिळून ते पडलेलं पीक विळ्यानं कापलं. गुंता इतका की एक झाड ओढलं तर दहा येत. दोघं त्यावरून दिवसभर भांडत आणि संध्याकाळी खोलीच्या दारात कुंड्यांमागं बसून चहा पीत. अशी संसारी भांडणं मी इंदुबाईनंतर ऐकली नव्हती. खुर्ची जरा जवळ ओढून ऐकत असे. दाणा फार निघाला नाही. तो तिनं इथंच वाटून टाकला. माझ्या पट्टीतला ओंजळभर मात्र वेगळा बांधून घेतला, बियाण्याला. "झाड भरलेलं होतं," म्हणाली.

जाताना बसच्या दारात उभी राहून ती त्याला काहीतरी सांगत होती. पहिल्यांदाच हळू आवाजात, त्यामुळं मला ऐकू आलं नाही.

आता त्या तुकड्यावर दुसरी काचेची इमारत आहे. अभिनव हल्ली त्यातच बसतो. पंपघर होतं तिथं कॉफीचं यंत्र आहे, असं सलोनी सांगते. श्यामला पुण्यात राहायला आली नाही. पण दर वर्षी मृग लागून जमिनीत पुरती ओल झाली, की बजरंग गेटवर दिसत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी 'आने दो, आने दो' करत असतो. मी बाल्कनीत बसतो आणि चहा गार होतो. मला दिसत असतं, बैल चाललेत, पुढं बजरंग, मागं श्यामला. तो मागं बघत नाही, तिची नजर मुठीवरून हलत नाही. दिवसभर एकमेकांचं तोंड न बघता दोघं एकाच तासात चालताहेत. वर्षातले तेवढेच दिवस.

मग तो परत येतो. येताना मला भाजके सोयाबीन आणतो, जे मला चावत नाहीत, आणि मी ते खिशात ठेवून खुळखुळवतो. पहिले दोन दिवस मोटारी मागं घेताना त्याचा 'टॉक, टॉक' चांगला खणखणीत असतो, समोरच्या इमारतींवर आपटून परत येतो. नंतर हळूहळू बारीक होत जातो.